दुखलं तर डावा हात

सोमवार, ३

ही डायरी औषध कंपनीने दिलेली. दरवर्षी एक येते आणि दरवर्षी माझी मदतनीस ती नातीला चित्रं काढायला घेऊन जाते. यंदा मी ठेवून घेतली. तिला ते आवडलं नाही.

घाबरट पेशंटना मी सांगते, जी भीती वाटते ती कागदावर लिहून काढा, निम्मी कमी होते. दवाखाना सुरू केला तेव्हापासून सांगते आहे. खरं आहे की नाही, कधी तपासून पाहिलेलं नाही. तर पाहू.

मला विमानाची भीती वाटते.

लिहिलं. काही कमी झालेली नाही.

माझी धाकटी बहीण परदेशात असते. तिच्या गळ्यात थायरॉईडची गाठ आहे, ती सतरा तारखेला काढणार आहेत. गाठ साधी आहे, असं तिची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, मग मी ऑपरेशन झाल्यावर येते, माणसाची गरज तेव्हाच असते. त्यावर धाकटीने मुलीच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "नंतर नको, ताई. आधी ये." एवढंच. पुन्हा फोन मुलीकडे. हट्ट करायची सवय जुनीच आहे तिची.

भाचीने मला न विचारता तेरा तारखेचं तिकीट काढलं. तिकडे थेट विमान फक्त गुरुवारी आणि रविवारी जातं. ह्यांचा गुडघा नुकताच बदललाय, तेव्हा हे येऊ शकत नाहीत. म्हणजे मी एकटी. वय चौसष्ट, पेशाने दंतवैद्य, विमानात एकदाही पाय ठेवलेला नाही. योगच आला नाही. दवाखाना बंद ठेवता येत नसे, म्हणून दर वेळी धाकटीच इकडे यायची.

बुधवार, ५

ह्यांना सांगितलं की मला थोडी धाकधूक वाटते. हे वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आले होते. चहाचा कप माझ्या हातून घेतला आणि म्हणाले, "थोडी?"

"थोडी."

"भाचीच्या लग्नाला तुझ्या दवाखान्याचं नूतनीकरण निघालं होतं. माझ्या परिषदेला यायचं ठरलं तेव्हा तुला ताप आला. मोजायला गेलीस तर थर्मामीटरमध्ये नव्हता, पण तुला आला होता."

"अहो, तो खरंच आला होता."

"असेल, डॉक्टरीणबाई. मी कुठे नाही म्हणतोय."

हे पाण्याचे मोठे पंप बसवण्याच्या कामात होते. महिन्यातून दोनदा विमानाने जात आणि उतरल्या उतरल्या जेवणाबद्दल तक्रार करत. ह्यांचा सल्ला: पंखाजवळची खुर्ची घे, तिथे हादरे कमी बसतात. खिडकीची नको. कानाला दडे बसले तर गोळी चघळ. आणि शेजारच्या माणसाशी बोलत राहा.

शेवटचं माझ्याच्याने होणार नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं धाकटीकडे. आई तिला रेडिओ म्हणायची. शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी सुरू व्हायची, ती झोपेपर्यंत. मला आयुष्यात बोलावंच लागलं नाही. तोंड उघडा, चूळ भरा, तास-दोन तास खाऊ नका, एवढ्यावर निभावलं.

शनिवार, ८

आज रंगवाले आले होते. रंगाच्या कारखान्याचे विक्री अधिकारी, म्हणून दवाखान्यात त्यांना आम्ही रंगवाले म्हणतो. सहा फुटी धिप्पाड माणूस. सुई दिसली की डोळे मिटून घेतात आणि खुर्चीचे दोन्ही हात असे धरतात की मला खुर्चीची काळजी वाटते.

मी नेहमीप्रमाणे सांगितलं, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबते. डावाच, कारण मी उजवीकडे उभी असते. उजवा हात उचलला तर माझ्या कोपराला धक्का लागतो आणि मग खरोखर दुखतं. हा करार मी प्रत्येकाशी करते आणि पाळते. हात वर गेला की यंत्र बंद. माणूस कितीही नाटकी असला तरी बंद. भीतीवरचं माझं औषध हे इतकंच आहे. थांबवता येतं, हे कळलं की बहुतेक लोक थांबवत नाहीत.

ही युक्ती माझी नाही, धाकटीची. कॉलेजात सरावाला दात मिळेनात म्हणून मी तिला बसवलं होतं. तिने अट घातली की हात वर केला की थांबायचं. आणि मग दर मिनिटाला हात वर. दुखत काहीही नव्हतं. मी वैतागून विचारलं, मग करतेस कशाला? तोंडात कापूस होता म्हणून की काय, सांगितलं नाही. नंतरही कधी सांगितलं नाही.

दाढ भरून झाल्यावर मी रंगवाल्यांना विचारलं, तुम्ही एवढं विमानाने फिरता, भीती वाटत नाही? बधिर ओठाने म्हणाले, "तुमच्या खुर्चीपेक्षा बरं. तिथे कोणी तोंडात हात घालत नाही."

मग जाता जाता म्हणाले, "मॅडम, छतावरचा तो डाग बघा एकदा. दर खेपेला मोठा झालेला असतो. आतून पाणी मुरतंय."

मी वर पाहिलं. दिव्याच्या उजेडात मला काही दिसलं नाही. "कुठे आहे?" म्हटलं. ते म्हणाले, "उभ्याने नाही दिसणार."

रविवार, ९

रविवार फोनचा वार. पूर्वी मी फोन कानाला लावून अर्धी इस्त्री उरकायची, मध्ये मध्ये हं म्हटलं की पुरे. आज भाचीच बोलली. आईचा आवाज अजून बसलेलाच आहे, म्हणाली. उन्हाळ्यापासून बसलाय. मी म्हटलं, रेडिओची बॅटरी उतरली. भाची हसली नाही.

मग धाकटी आली. दोन वाक्यं बोलली. घोगरं, श्वास जास्त आणि शब्द कमी. उजवा कान दुखायचा राहिला का, असं मी विचारलं. गेल्या महिन्यापासून दुखत होता. मीच सांगितलं होतं की खालची अक्कलदाढ असणार, कानाकडे कळ जाते, तिथल्या दंतवैद्याला दाखव. तिने दाखवलं. दाढ चांगली निघाली. मी म्हटलं, तो दंतवैद्य नवशिका असेल.

"खातेस ना नीट?"

"सूप," ती म्हणाली.

"नुसतं सूप पिऊन अंगात काय राहणार. ऑपरेशनच्या आधी ताकद हवी."

"ताई," ती म्हणाली, "विमानात बसशील ना?"

मी म्हटलं, म्हणजे काय, तिकीट काढलंय. बराच वेळ ती फोनवर होती, नुसता श्वास ऐकू येत होता. लाईन खराब असावी.

भाचीने शेवटी पुन्हा विचारलं, "मावशी, नक्की गुरुवारीच ना? पुढे ढकलू नकोस हं." ह्या मायलेकींना माझ्यावर इतका अविश्वास कशासाठी, समजत नाही.

मंगळवार, ११

जेवणाच्या सुट्टीत दार लावून घेतलं आणि मी स्वतःच्या खुर्चीत बसले. विमान वर चढताना पाठ मागे कलते, असं हे म्हणाले होते. म्हटलं, शरीराला आधीच सवय लावू. मदतनिशीला खुर्ची हलवायच्या पायपट्टीवर उभं केलं. तिला वीस वर्षं झाली माझ्याकडे, तरी ती असल्या कामांना चेहरा करते.

"मागे घे. हळू."

तिने एकदम घेतली. पाय वर, डोकं खाली. दिवा थेट डोळ्यात. खालून काहीच धरायला नाही, आणि वर तिचा चेहरा उलटा.

"दुखलं तर डावा हात वर करा, मॅडम," ती म्हणाली.

"आगाऊपणा नको."

मग मला डाग दिसला. छताच्या बरोबर मध्ये, खुर्चीच्या वर. तपकिरी, कडेला गडद, मोठ्या ताटाएवढा. एका बाजूला रंगाचे पोपडे सुटलेले. एवढी माणसं इथे आडवी पडून तो बघत होती, आणि मी त्यांच्यावर वाकून उभी.

"हा कधीपासून आहे?"

"बराच आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगायचं म्हणजे," ती म्हणाली, आणि खुर्ची सरळ केली. वाक्य पुरं केलं नाही.

परत आल्यावर बघू. आता वेळ नाही.

बुधवार, १२

बॅग भरली. एकदा काढून पुन्हा भरली. धाकटीने आईचा जुना फोटो मागितलाय, आम्हा दोघींना मांडीवर घेतलेला. भाचीने आणखी एक सांगितलं: घरात धाकटीच्या जुन्या फिती असतील तर आण. लहानपणी आम्ही टेपरेकॉर्डरवर बातम्या बातम्या खेळायचो. बातम्या ती द्यायची, मी बटण दाबायची. एक फीत सापडली. वाजते की नाही कोण जाणे. ऑपरेशनच्या आधी फोटो, फिती, असलं काय काय सुचतं लोकांना. थायरॉईडच्या गाठीसाठी एवढा सोहळा.

हात गार पडतायत. दुपारी एका बाईच्या कवळीचा साचा घेताना मी मिश्रणाचं माप चुकले. तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

ठरवलं. फार घाबरणाऱ्या पेशंटला जी गोळी देते ती उद्या सकाळी घेणार. माझ्याच कपाटातली आहे, परिणाम मला पाठ आहेत. ह्यांना सांगितलेलं नाही. उगाच चौकशी करतील.

शुक्रवार, १४

काल काही लिहिलं नाही. लिहिण्याच्या स्थितीत नव्हते.

मी गेले नाही. म्हणजे निघाले, पण पोचले नाही.

घरी एक गोळी घेतली. टॅक्सी आली तरी हात तसेच गार. परिणाम व्हायला वेळ लागतो, हे मी हजार वेळा पेशंटना सांगितलंय. टॅक्सीत दुसरी घेतली. पुढचं मला आठवत नाही, त्यामुळे विमानतळाच्या डॉक्टरने ह्यांना फोनवर जे सांगितलं तेच लिहिते. मी बॅग ओढत काउंटरपर्यंत नीट गेले. तिथल्या मुलीने पासपोर्ट मागितला. मी तिला म्हटलं, "मोठं उघडा तोंड." ती गोंधळली. मी म्हटलं, "आणखी. जीभ आत घ्या." मग तिच्या काउंटरवर डोकं टेकून मी झोपले.

जाग आली तेव्हा विमान गेलेलं होतं. समोर पंचविशीतला डॉक्टर. "काकू, बरोबर कोणी नाही का?"

ह्या प्रश्नाचं काय करायचं. ही गोळी मी एकट्या आलेल्या पेशंटला देतच नाही. बरोबर माणूस नसेल तर दारातून परत पाठवते, कितीही गयावया केली तरी. माझ्या दवाखान्यात तशी पाटी आहे. अक्षर माझंच आहे.

ह्यांनी टॅक्सी करून, वॉकर घेऊन, मला आणायला यावं लागलं. घराच्या पायऱ्यांशी आम्ही दोघं एकमेकांना धरून उभे राहिलो, आधी कोणी चढायचं ते ठरेना. तेव्हा म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

"बरोबर आलो असतो. खुर्ची ढकलायला माणसं असतात तिथे."

हे मला सुचलं नव्हतं.

आज सकाळी भाचीचा फोन. आधी माझी तब्येत विचारली. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, मूर्खपणा झाला, आता ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग शांतपणे महिनाभर येते.

ती म्हणाली, "मावशी, थायरॉईड नाहीये ते."

"मग?"

"स्वरयंत्र काढणार आहेत. सगळंच. आई नंतर बोलू शकणार नाही." मग भराभर बोलत सुटली, तिच्या आईसारखी. "तुला सांगू नको म्हणाली होती. आधीच विमानाला घाबरते, त्यात हे कळलं तर पायातलं बळ जाईल, म्हणाली. तिला तुझ्याशी बोलायचं होतं गं. चार दिवस मिळाले असते. आता रविवारचं विमान आहे, ते संध्याकाळी पोचतं, सोमवारी सकाळी तिला आत नेणार. तुला यायचं असेल तर सांग, नसेल तर तसं सांग. पण नंतर येते असं म्हणू नकोस."

मी म्हटलं, रविवारचं तिकीट काढ.

कान दुखत होता, म्हणाली होती. मी दाढ दाखवायला सांगितलं.

ह्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. परवा विमान आहे.

शनिवार, १५

दवाखाना बंद ठेवणार होते. उघडला. रांग लावून कामं उरकली. एका माणसाचे सुळे काढले, एका शाळामास्तरांची दाढ भरली. कोणी आवाज केला नाही. माझंही काही चुकलं नाही.

दार लावताना मदतनीस म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही कोणालाच हात वर करा असं सांगितलं नाहीत."

"सांगितलं असेन."

"नाही."

मग तीच म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. तुम्ही हात धुवायला वळलात की."

रंगवाल्यांना फोन केला. छताचं सांगितलं. म्हटलं, मी परत येईपर्यंत माणूस पाठवून पाणी कुठून मुरतंय ते शोधा, नुसता रंग मारू नका. ते म्हणाले, "मॅडम, आधी उखडावं लागेल. बरंच उखडावं लागेल." म्हटलं, उखडा.

गोळ्यांची बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली आणि किल्ली मदतनिशीला दिली. हे बरोबर येतो म्हणत होते. डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं, इतका वेळ पाय लोंबकळत ठेवायचा नाही. तेव्हा मी एकटीच. ह्यांनी माझ्या पर्समध्ये गोळ्या-चॉकलेटांची पुडी घातली, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

रविवार, १६. विमानात

लिहिता येतंय, म्हणजे आहे.

वर चढताना काय होतं ते कोणी मला नीट सांगितलं नव्हतं. पाठ कलते ते ठीक. पण आधी ते पळतं. इतकं पळतं की खुर्चीचे स्क्रू ऐकू येतात. माझ्या समोर, पाठ भिंतीला टेकून, हवाई सेविका पट्टा बांधून बसली होती. तिची नजर माझ्याकडे होती. चाकं जमिनीपासून सुटली आणि माझा डावा हात वर गेला. मी उचलला नाही. तो गेला.

कोणी थांबलं नाही. अर्थात. कोण थांबणार आणि कुठे.

हवाई सेविकेने तिच्या जागेवरूनच हाताने खुणावलं, खाली घ्या. मी हात तसाच धरला होता. शेजारच्या गृहस्थाला वाटलं, मला काही हवंय. म्हणाला, "पट्ट्याचा दिवा बंद झाल्यावर येईल ती. पाणी हवंय का?"

"नको. पाय उचलते."

"काय?"

उलटीची भावना होते त्या पेशंटना मी हे सांगते, एक पाय थोडा वर उचलून धरा आणि नाकाने श्वास घ्या. लक्ष पायाकडे जातं. मी उचलला. गृहस्थ जरा सरकून बसला. पण तो हसला, तेव्हा मला त्याच्या हिरड्या दिसल्या.

"दात घासताना रक्त येतं का?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कधीपासून?"

मग बराच वेळ बरा गेला. त्याच्या मोबाईलच्या उजेडात सगळं तोंड पाहिलं. वरच्या बाजूला दोन हालतात, खाली दगडासारखं कीट. त्याला सांगितलं, उतरल्यावर आठवड्याच्या आत साफ करून घ्या, नाहीतर दोन वर्षांत कवळी. घाबरला बिचारा. विमानाला घाबरत नव्हता. मी म्हटलं, दुखलं तर डावा हात वर करायचा, चांगला डॉक्टर थांबतो. म्हणाला, "आणि नाही थांबला तर?"

मी त्याचा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि त्याने विषय बदलला. तिकडे कोणाकडे निघालात, विचारलं.

"बहिणीकडे."

"मग काय, गप्पांना ऊत."

आता तो झोपलाय. खिडकीतून नुसतं पांढरं दिसतं, कापसाच्या डब्यात डोकं घातल्यासारखं. मघाशी जी भीती वाटत होती तिला निदान आकार होता. आता विमान सरळ चाललंय, कप हलत नाही, आणि मला वाटतंय की हे असंच चालत राहिलं, उतरलंच नाही, तरी माझी तक्रार नाही. कसला विचार हा.

रविवार, संध्याकाळ

भाची थेट रुग्णालयात घेऊन आली. भेटीची वेळ संपायला थोडाच अवकाश होता. बॅग तशीच दाराशी.

धाकटी निम्मी झालीये. पलंगावर उशीला टेकून बसली होती, केस विंचरून, पाहुणे येणार म्हणून बसावं तशी. मला बघून म्हणाली, "आलीस?"

तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. फाटलेल्या कागदातून फुंकर जावी, तसा काहीतरी.

वाटेत मी ठरवलं होतं की गप्प बसायचं आणि तिचं ऐकायचं. जे सांगायचं ते सगळं. पण बसल्या बसल्या तिने माझ्या बाहीला धरलं आणि म्हणाली, "विमान."

"विमानाचं काय?"

"सांग ना. सगळं."

"तू बोल. त्यासाठी आलेय मी."

तिने मान हलवली. "माझं बोलून झालंय, ताई. आयुष्यभर. तू सांग."

मग मी सांगितलं. वाईट सांगितलं आधी, रिपोर्ट दिल्यासारखं. विमान पळालं, चाकं सुटली. तिने भुवया वर केल्या, म्हणजे पुढे. मग पायाचं सांगितलं, हिरड्यांच्या माणसाचं सांगितलं. गुरुवारचं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीला काय म्हणाले ते ऐकून ती हसायला लागली. हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, मग ठसका लागला, भाची धावली, परिचारिका आली. ठसका थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा सांग. ती पुढे काय म्हणाली?"

"काय म्हणणार. मी झोपले ना."

"तरी. बनवून सांग."

बनवून सांगितलं. मला जमतं हे मला माहीत नव्हतं. त्या मुलीला मी दोन दाढा भरायला लावल्या, तिच्या साहेबांना चूळ भरायला लावली. भाची दाराला टेकून उभी होती. ती एकदा बाहेर गेली आणि तोंड धुऊन आली.

फीत राहिली बॅगेतच. फोटो तेवढा तिच्या उशाशी ठेवला. परिचारिकेने घड्याळ दाखवलं तेव्हा लक्षात आलं, मी तिचा आवाज ऐकायला म्हणून आले होते आणि सगळा वेळ मीच बोलत होते. दारातून मागे पाहिलं, म्हटलं, "मूर्ख आहे मी. तुला काही बोलूच दिलं नाही."

ती समाधानाने उशीवर टेकली होती. लहानपणी मला एखादं काम करायला लावून स्वतः बसून राहायची, तशी.

"येतंय तुला," ती म्हणाली. "उद्यापासून रोज."

सोमवार, १७

बाहेरच्या बाकावर लिहितेय. ऑपरेशन दिवसभर चालेल, असं सांगितलं. भाची शेजारी आहे. तिने फोन बंद केलाय.

सकाळी आम्हाला आत सोडलं. हिरवा गाऊन, डोक्याला कापडी टोपी. तिचे हात मी पाहिले, गार होते. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून नेहमीचं बोलले.

"दुखलं तर डावा हात वर कर."

तिने डोळे फिरवले. "माहीत आहे गं."

ट्रॉली आली. ढकलणारा माणूस धट्टाकट्टा, आपल्या कामात पक्का, कॉरिडॉरमधून झपझप निघाला. आम्ही दोघी बाजूने. दोन दारं ओलांडली. तिसऱ्या दाराशी जमिनीवर तांबडी रेघ होती आणि पुढे नातेवाइकांनी जायचं नाही अशी पाटी. ट्रॉलीचं पुढचं चाक रेघेवर आलं, आणि चादरीतून तिचा डावा हात वर आला.

त्या माणसाला त्याचा अर्थ काय माहीत. तो पुढे गेला.

"थांबा," मी म्हटलं.

"बाई, आत वाट बघतायत."

"हात वर आहे. थांबा म्हटलं ना."

तो थांबला. मी पलीकडे गेले, वाकले. दवाखान्यात वाकते तशीच, पण ह्या खेपेला डावीकडून. विचारलं, "कुठे दुखतंय?"

तिने हात माझ्या मानेमागे घातला आणि कान तोंडाजवळ ओढला.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "तू खरंच थांबतेस का, ते बघत होते."

मी तिच्या टोपीतून बाहेर आलेली बट आत घातली. हात चादरीखाली ठेवला. मग सरळ उभी राहिले आणि मीच त्या माणसाला म्हटलं, चला.